मान जरा तिरकी

नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही म्हटल्यावर
भदाणेकाका म्हणाले, "मग भांग कुठे बघून पाडतो?"
आणि खोकला येईपर्यंत हसले.

भद्रकालीतला त्यांचा स्टुडिओ आता मोबाइल कव्हरचं दुकान.
काका मागच्या खोलीत, बंद पडलेल्या एन्लार्जरशेजारी.
उजवा डोळा काचबिंदूत गेला.
डाव्यात ऑपरेशनचं भिंग:
"लेन्स भारी आहे गं, फक्त फोकस फिक्स."

त्यांना सगळं सांगावं लागतं.
सांगितलं, की सेन्सरवर
पोह्यांत मोहरी असते तशी विखुरलेली
काही टिंबं असतात, जोडीजोडीने,
प्रत्येकाचा अर्धा डोळा झाकलेला.
एक घेतं भिंगाच्या डाव्या अंगाने आलेला उजेड,
दुसरं उजव्या अंगाचा.
दोघांची चित्रं एकमेकांवर बसली तर फोकस.
नाही बसली तर
कोण कुठल्या बाजूला किती सरकलंय
यावरून मोटरला कळतं,
पुढे जायचं की मागे, आणि नेमकं किती.

"म्हणजे माझी चकतीच की!"
त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यातली दुभंगलेली चकती:
नवरीचं नाक अर्धं इकडे, अर्धं तिकडे,
रिंग फिरवत फिरवत जुळवायचं.
"पत्रिका न जुळलेल्यांचीही नाकं जुळवली मी.
बरं, आणि अंधार पडला तर?"

अंधारात टिंबांना सुधरत नाही.
मग भिंग चाचपडतं.
थोडं पुढे, जरा ठळक झालं;
अजून पुढे, अजून ठळक;
अजून पुढे, आणि पुसट.
तेव्हा कुठे कळतं, मघाशी होतं तेच बरोबर होतं,
आणि ते परत फिरतं.
माथा ओलांडल्याशिवाय माथा कळत नाही त्याला.

काका ऐकत होते. ऐकता ऐकता चहाकडे हात नेला.
हात कपाच्या पुढे गेला,
मागे आला, बशीला लागला,
पुन्हा पुढे.
मी एन्लार्जरवरची धूळ बघत बसले.

गुरुवारी गोदाघाटावर एक प्री-वेडिंग होतं.
नवरा सटाण्याचा, शेरवानी भाड्याची, बिल्ला तसाच लटकलेला.
माझा हिरवा चौकोन डोळे शोधतो म्हणतात;
त्याने आधी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे सतरा कार्यकर्ते शोधले,
मग दुतोंड्या मारुतीचं एक तोंड,
मी चार पावलं सरकले तर दुसरं.
पूर कुठवर आला ते गाव याच्या अंगावर मोजतं,
गुडघा, कंबर, छाती.
माझ्या कॅमेऱ्याला तो नुसता चेहरा.

नवरी म्हणाली, आधी रिकाम्या पायऱ्यांचा एक घ्या ना, त्यावर तारीख लिहायचीय.
आणि तिथेच अडलं.
लख्ख उजेड, काळा दगड, स्वच्छ कडा,
आणि भिंग आपलं घूं-घूं करत पुढेमागे.
शेवटी काकांना फोन लावला.

"पायऱ्या कशा आहेत?"
आडव्या.
"तुझी टिंबं बघतात कशी? डावं-उजवं.
आडवी रेघ डावीकडे सरकवली काय, उजवीकडे सरकवली काय,
रेघ तिथेच दिसणार.
माझी चकतीसुद्धा या घाटावर आंधळी व्हायची.
कॅमेऱ्याची मान जरा तिरकी कर. जुळलं की सरळ कर."

केली तिरकी.
पायऱ्या उतरंडीला लागल्या, चौकोन हिरवा झाला,
पिप्.

शनिवारी प्रिंट घेऊन गेले.
काकांनी तो नाकाला लावून, मग हातभर लांब धरून पाहिला,
म्हणाले, "तारखेला जागा कमी ठेवलीस."
चहा आला.
या वेळी त्यांनी हात लगेच नाही नेला.
मान थोडी डावीकडे केली,
थोडी उजवीकडे,
एका डोळ्याने दोनदा पाहिलं,
आणि बोटं सरळ कपाच्या कानावर.

पिप्, मी तोंडाने म्हटलं.